बावड्याचा ऊस आणि जगाचा बाजार

कोल्हापूरला येणारा प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक फेरी मारतो, तांबडा-पांढरा रस्सा जिभेला चटका बसेपर्यंत ओरपतो आणि करकर वाजणारी वहाण काखोटीस मारून परतीच्या गाडीत बसतो. ज्याला इतिहासाची हौस आहे तो फार तर नव्या राजवाड्यापर्यंत जातो. 1877 ते 1884 या सात वर्षांत काळ्या घडीव दगडात उभा राहिलेला तो वाडा डोळे भरून पाहतो आणि तेथूनच रिक्षा मागे वळवतो. त्याच रस्त्याने आणखी थोडे पुढे गेल्यास कसबा बावडा लागतो, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि सांगितलेच तरी तेथे पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाला बावडेकरालासुद्धा पटकन उत्तर सुचावयाचे नाही.

वास्तविक राजर्षी शाहू महाराजांचा जन्म याच बावड्यातला. 26 जून 1874 रोजी ते येथल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मले. एखाद्या गावाला मिरवायला एवढे पुष्कळ झाले. पण मी बावड्याला जातो तो यात्रेकरू म्हणून नव्हे. माझे ते आजोळ. मे महिन्याच्या सुट्टीत ज्या विहिरीत मी पोहायला शिकलो ती विहीर तेथे आहे, आणि ज्या मामांनी मला कंबरेला दोर बांधून त्या विहिरीत ढकलले ते मामाही, देवाच्या दयेने, अजून आहेत. मी शेजारच्या सांगली जिल्ह्यात एका कॉलेजात मराठी शिकवतो. अर्थशास्त्राचा आणि माझा संबंध दर महिन्याच्या एक तारखेपुरता. तरीही गेल्या दिवाळीत, म्हणजे 2025 साली, पाडव्याला बावड्याला गेलो असता तेथे मला जो प्रश्न विचारण्यात आला तो थेट अर्थशास्त्राचा होता, आणि त्याचे उत्तर मला आले नाही. त्या न आलेल्या उत्तराची ही हकीगत आहे.

मध्यवर्ती बसस्थानकापासून महापालिकेची बस पकडली की शहर हळूहळू विरळ होत जाते. राजवाडा मागे पडतो, लाईन बझार येतो, मग भगवा चौक. बावडा आता महापालिकेच्या हद्दीत आहे. दुमजली-तिमजली इमारती, मोबाइलची दुकाने, शिकवण्या, मंगल कार्यालये, सगळे शहरासारखे. पण दोन इमारतींच्या फटीतून मध्येच एक हिरवी भिंत डोकावते. तो ऊस. घराच्या परसात तुळस असावी तसा येथे ऊस आहे. आणि नाक शाबूत असेल तर हंगामात बस थांबण्यापूर्वीच कळते की साखर कारखाना जवळ आला. मळीचा तो आंबूस-गोड वास नवख्याला सोसत नाही. आम्हा बावड्याच्या भाच्यांना मात्र त्या वासाने सुट्टी लागल्यासारखे वाटते.

हा कारखाना आज छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. आमच्या आजोबांच्या तोंडी मात्र तो अखेरपर्यंत ‘शुगर मिल’च राहिला, कारण संस्थानच्या काळात, 1930 नंतरच्या दशकात, तो कोल्हापूर शुगर मिल्स या नावाने उभा राहिला. आजोबांचे स्वतःचे गुऱ्हाळ होते. चुलवाणावर काहील, काहिलीत उकळता रस, काठाशी बसलेला गुळव्या, आणि शेवटी बैलगाडीतून शाहूपुरीच्या पेठेत सौद्याला जाणारे गुळाचे रवे. ती पेठ 1895 साली शाहू महाराजांनी वसवली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. असे सारे सुरळीत चालले असताना नदीकाठी एक धुराडे उभे राहू लागले. आजोबा म्हणे रोज संध्याकाळी ते किती वाढले हे बघायला जात आणि घरी येऊन जेवत नसत. “आता गुऱ्हाळं बुडाली,” एवढेच म्हणत.

ते धुराडे बावड्यात का उभे राहिले? लहानपणी मला वाटे, येथे ऊस आहे म्हणून. पण ऊस तर आधीही होता. खरे उत्तर बावड्यापासून काही हजार मैलांवर, जावा बेटात आहे. त्या काळी जावा डच लोकांच्या ताब्यात होते आणि तेथली साखर दरसाल लाखो टन हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत असे. 1929 साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, जगभर मंदी आली आणि साखरेचे भाव तळाला गेले. जावाची साखर कवडीमोलाने येऊ लागली, तेव्हा येथल्या शेतकऱ्याला व कारखानदाराला आधार म्हणून सरकारने 1932 साली साखर संरक्षण कायदा केला. परदेशी साखरेवर हंड्रेडवेटामागे सव्वासात रुपये जकात बसली. त्याबरोबर चमत्कार झाला. देशात तीसेक साखर कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. बावड्याचे धुराडे हे त्या पिकातले एक. न्यूयॉर्कच्या सट्टेबाजांनी हात पोळून घेतले आणि त्याची धग आमच्या आजोबांच्या चुलवाणापर्यंत आली, असा हा प्रवास आहे.

आजोबांचे भाकीत मात्र अर्धेच खरे झाले. गुऱ्हाळे कमी झाली, पण ऊस वाढला. मिलला ऊस घालून आजोबांनी दोन मुलींची लग्ने केली. त्यांतली एक माझी आई. तेव्हा त्या जकातीचा मी एका परीने ऋणी आहे.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग मी पुष्कळ उशिरा वाचला. हिंदुस्थानचे गिऱ्हाईक तुटले तेव्हा जावातले बहुसंख्य साखर कारखाने पाच-सहा वर्षांत बंद पडले. हजारो मजूर घरी बसले, उसाची राने ओस पडली. तेथेही कोणा भाच्याचे आजोळ असेलच. तेथेही कोणी मामा संध्याकाळी विझलेल्या धुराड्याकडे बघून न जेवता निजला असेल. आमच्या घरची भरभराट आणि त्यांच्या घरचा अंधार ही एकाच कागदाची दोन अंगे होती, हे तेव्हा ना त्यांना ठाऊक होते, ना आम्हाला.

आणि जावाशी आमचे नाते एवढ्यावरच संपत नाही. मामांच्या तरुणपणी सगळ्या शिवारात ‘चारशे एकोणीस’ ऊस असे. कोइमतूरच्या संशोधन केंद्राने काढलेली ती को 419 जात. तिच्या आईकडचे कूळ पाहिले तर ते निघते पीओजे 2878, म्हणजे पूर्व जावाच्या डच प्रयोगक्षेत्रातला ऊस! ज्या जावाला आम्ही बाजारातून हाकलले त्याच जावाचे रक्त आमच्या उसाच्या पेऱ्यापेऱ्यांत वाहत होते.

मी पडलो भाषेचा माणूस. साखरेच्या या भानगडी मला प्रथम भेटल्या त्या शब्दकोशात. आमची आजी पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणे. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरची साखर मुंबईत येई, म्हणून हे नाव. तेथे गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांत राबायला माणसे हवी होती. ती हिंदुस्थानातून करारावर नेण्यात आली आणि त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. म्हणजे आजीच्या डब्यातली ती मोरस कदाचित मराठी माणसाच्याच घामाची असेल. साखरेला चिनी म्हणतात ते चीनवरून, आणि हिंदीत खडीसाखरेला मिश्री म्हणतात ते मिस्र म्हणजे इजिप्तवरून. (आपल्याकडची मिश्री वेगळी, ती दाताला लावावयाची, नाहीतर पाहुणचारात घोटाळा होईल.) चीन, मिस्र, मॉरिशस. वाण्याच्या पुडीत बांधलेला हा जगाचा नकाशा आहे.

त्या नकाशावर लढाया झाल्या की साखरेची वाट बदलते. 1806 साली नेपोलियनने युरोपची दारे इंग्रजी व्यापाराला बंद केली. समुद्रावर इंग्रजांचा पहारा, त्यामुळे वेस्ट इंडीजची साखर फ्रान्सला मिळेना. तेव्हा त्याने बीट लावण्याचा हुकूम सोडला. बीटची साखर काढून दाखवणाऱ्या दलेसेर नावाच्या कारखानदाराच्या छातीवर त्याने स्वतःच्या अंगावरचे मानचिन्ह काढून लावले, असे सांगतात. नेपोलियन गेला, बीट राहिले. 1960 साली अमेरिकेचे क्यूबाशी बिनसले आणि तिने क्यूबाची साखर घेणे बंद केले. ती साखर रशियाकडे वळली आणि अमेरिकेतली मोकळी झालेली जागा दुसऱ्या देशांना वाटून मिळाली. भांडण कोणाचे, आणि पंगतीत पान कोणाचे वाढले जाते पाहा!

हे सारे पुस्तकी ज्ञान डोक्यात घेऊन पाडव्याच्या दिवशी दुपारी मी थोरल्या मामेभावाबरोबर रानाकडे निघालो. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. कारखान्याला वळसा घालून रस्ता पंचगंगेकडे उतरतो आणि राजाराम बंधारा दिसतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पावसाळ्यात हे नाव भेटते. पंचगंगेची पातळी मोजतात ती येथे. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. 2019 आणि 2021 या दोन्ही सालांत पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. तेव्हा शिये गावाकडे जाणारा रस्ता बुडाला आणि दादाचा ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. पूर ओसरल्यावर उसावर चिखलाचा लेप आणि पोंग्यात माती. तो सगळा ऊस जनावरांनीही खाल्ला नाही, असे दादा सांगत होता. सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पूर हा त्याच्या ओळखीचा आहे. त्याची पातळी फुटांत मोजता येते, आणि आदल्या रात्री तरी कळते.

“पण हे दुसरं पाणी येतंय, त्याला कुठला बंधारा?” तो म्हणाला.

दुसरे पाणी म्हणजे काय, ते त्याने रानाच्या बांधावर बसून सांगितले. त्याचे सांगणे आणि माझी वर्तमानपत्रांची कात्रणे एकत्र करून ती कथा येथे देतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या साखरेचे एक मोठे गिऱ्हाईक होते इराण. आपण इराणचे तेल घ्यावयाचे, त्याचे पैसे रुपयांत आपल्याच बँकेत जमा व्हावयाचे आणि त्या रुपयांतून इराणने आपली साखर, तांदूळ, चहा न्यावयाचा, असा जुन्या बलुत्यासारखा सोयीचा व्यवहार होता. अमेरिकेने इराणवर निर्बंध आवळले आणि मे 2019 पासून आपण ते तेल घेणे थांबवले. बँकेतले रुपये खर्च होत होत आटले आणि त्याबरोबर इराणचे गिऱ्हाईकही आटले. तेल कोणाचे, राग कोणाचा, आणि माल पडून राहिला तो आपल्या गोदामात.

मग दुसरे दार उघडले. इंडोनेशियाने आपली साखर घ्यावयास सुरुवात केली. इंडोनेशिया म्हणजे तेच जावा! ज्याच्या साखरेच्या भीतीने नव्वद वर्षांपूर्वी आपण जकात बसवली, तेच आता आपल्या साखरेचे मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाले. आजोबा असते तर त्यांना हे खरे वाटले नसते. पश्चिम महाराष्ट्रातली साखर जयगड आणि न्हावा-शेवा या बंदरांतून जहाजात चढू लागली.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. बावड्यात त्या दिवशी ऊसतोड चालू होती. युक्रेन कोठे आहे हे टोळीतल्या कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या युद्धाने खनिज तेल कडाडले. तेल महागले की ब्राझीलचे कारखाने साखरेऐवजी उसाचे मद्यार्क करून मोटारींना पाजतात, त्यामुळे जगात साखर कमी पडते आणि भाव चढतो. त्या हंगामात भारतातून सुमारे 110 लाख टन साखर बाहेर गेली, आजवरची सर्वांत जास्त. “त्या साली बिलं वेळेवर आली,” दादा म्हणाला. “घराला रंग दिला तो त्याच साली.”

म्हणजे युद्ध दादाला पावले म्हणावे, तर त्याच युद्धाने दुसऱ्या हाताने वसुलीही केली. उसाला पालाश लागतो, आणि पालाशची खाण आपल्या देशात नाही म्हटले तरी चालेल. तो येतो रशिया, बेलारूस, कॅनडा अशा ठिकाणांहून. लढाई आणि निर्बंध यांनी तो महागला. पालाशच्या ज्या पोत्याला पूर्वी हजाराच्या आतबाहेर पैसे पडत, ते 1,700 रुपयांवर गेले. युरियाचे पोते मात्र 266 रुपये 50 पैशांवरच राहिले, कारण त्याचा भार सरकारने उचलला. मग शेतकऱ्याने काय केले? जे स्वस्त ते जास्त टाकले आणि जे महाग ते निम्म्यावर आणले. “जेवणात मीठ कमी आणि तिखट दुप्पट, तसं झालं बघ,” दादाने एका वाक्यात मृदाशास्त्र सांगितले.

पुढे हुकूम सुटू लागले. मे 2022 च्या अखेरीस निर्यातीवर मर्यादा आली. पुढच्या हंगामात फक्त 60 लाख टन बाहेर जाऊ दिली. 2023 साली पाऊस कमी झाला, आणि 2023-24 च्या हंगामात निर्यात जवळजवळ बंदच झाली. अमेरिकेला आणि युरोपला जाणारा ठरीव छोटा कोटा तेवढा राहिला. आणि नेमका त्याच नोव्हेंबरात जगाच्या बाजारात साखरेचा भाव बारा वर्षांतल्या उच्चांकावर होता! दार उघडे असताना बाजार नसतो आणि बाजार असतो तेव्हा दार बंद, असा हा योग. 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंदीचा हुकूम आला. ती बंदी आठवड्याभरात थोडी सैल झाली. पण तोवर ज्यांनी कर्ज काढून इथेनॉलची यंत्रे बसवली होती त्यांनी देव पाण्यात घातले होते. कारखान्याच्या दारात विकावयाच्या साखरेची किमान किंमत 2019 साली किलोला 31 रुपये ठरली आणि पुढचे कितीतरी हंगाम तेथेच थांबली. उसाचा सरकारी दर मात्र 2022-23 साठी टनाला 3,050 रुपये होता तो 2025-26 साठी 3,550 झाला. आत येणारे महाग आणि बाहेर जाणाऱ्याचा आधार जागच्या जागी, अशा ताजव्यात कारखाना डगमगला की पहिली कळ लागते ती शेतकऱ्याच्या बिलाला. दादाला एकदा बिलासाठी तीन महिने चपला झिजवाव्या लागल्या. कोणाच्या दारी, ते येथे सांगत बसत नाही.

हे ऐकताना मी मान डोलावत होतो, आणि एकाएकी मला ओशाळल्यासारखे झाले. कारण निर्यात बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या घरी, सांगली जिल्ह्यातल्या त्या दोन खोल्यांत, आम्ही समाधान मानले होते. दिवाळीच्या तोंडावर साखर भडकणार नाही म्हणून! सरकारने तो हुकूम काढला तो माझ्यासारख्यांसाठीच. महागाई वाढली तर मला भत्ता मिळतो आणि वाढू नये म्हणून हुकूमही निघतो. दादाला भत्ता नाही आणि हुकूम निघतो तो त्याच्या मालावर. हुकूम चुकीचा होता असे म्हणण्याइतके मला त्यातले कळत नाही. माझ्या चहात पडलेली स्वस्त साखर कोणाच्या खात्यातून आली, एवढे मात्र त्या बांधावर मला कळले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दादाचा मुलगा कामावरून परतला होता. तो पुलापलीकडे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला आहे. कोल्हापूरच्या या ओतकामाची कुळकथाही अशीच लढाईशी जोडलेली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी इंजिनांचे सुटे भाग येईनासे झाले, तेव्हा येथले मिस्त्री स्वतःच भाग ओतू लागले. त्यांतूनच पुढे उद्यमनगर आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर टुकटुकणारी कोल्हापुरी इंजिने आली. आता येथले ओतीव भाग देशोदेशीच्या गाड्यांत बसतात. भाचा म्हणाला, “काका, तात्यांनी आमचा ओव्हरटाइम खाल्ला.” तात्या म्हणजे कोणी गावातले पुढारी नव्हेत. अमेरिकेच्या अध्यक्षांना, ट्रम्पसाहेबांना, आपल्याकडची पोरे प्रेमाने तात्या म्हणतात! ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि 27 तारखेपासून आणखी 25 टक्के जकात बसवली. दुसरे पंचवीस कशाबद्दल, तर आपण रशियाचे तेल घेतो म्हणून. पुन्हा तेच युद्ध. बापाला ते पालाशच्या पोत्यातून भेटले, लेकाला पगाराच्या पाकिटातून. “माल तयार आहे, पलीकडून ‘थांबा’ म्हणून निरोप आहे,” एवढेच त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो बापाच्या मागे लागला होता, की रस्त्याकडेचा एकर विकून टाकू. मागणारा दारात उभा होता.

आत मामी माझ्या मुलीला घेतलेला फ्रॉक दाखवत होत्या. फ्रॉक अर्थातच गांधीनगरचा. दिवाळीचे कापड घ्यावे ते गांधीनगरला, हा सगळ्या जिल्ह्याचा रिवाज. मामींचे माहेर त्याच बाजूचे. त्या सांगतात की त्यांचे वडील लढाईच्या काळात ‘गोऱ्या निर्वासितांच्या’ छावणीत भाजी घालीत. ती वळिवड्याची छावणी. 1939 साली पोलंडची फाळणी झाली आणि रशियाने तेथली माणसे सैबेरियाकडे हाकलली. त्यांतले सुमारे पाच हजार लोक इराणमार्गे येऊन 1943 ते 1948 पर्यंत येथे राहिले. त्यांनी कोल्हापूरच्या बाजारात खरेदी केली, शाळा चालवल्या, आणि ते निघून गेले. आज वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. त्यांच्या रिकाम्या बराकीत दुसरे निर्वासित आले, आपल्या फाळणीने उठवलेले सिंधी लोक. त्यांनी पथारीवर कापड मांडले आणि पाहता पाहता त्या छावणीची घाऊक कापडपेठ केली. सीमा दोन देशांच्या तुटल्या, आणि त्यातून आमच्या दिवाळीचे कापड स्वस्त झाले! मामींना यात काही नवल वाटत नाही. “माणसं आली, त्येंनी पोटापाण्याचं केलं,” त्या म्हणाल्या. मला मात्र वाटून गेले, की आलेली माणसे जेथे रुजली तेथे वाटोळे झाले नाही. भाव येतो आणि जातो, माणसाला राहावे लागते.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सोप्यात बसलो. मामा खाटेवर पडून होते. दादाने पान जमवले आणि तो प्रश्न विचारला, ज्याचा मी सुरुवातीस उल्लेख केला.

“मास्तर, तू पेपर वाचतोस न्हवं? मग सांग. आता लावण केली तर ऊस तुटायला चौदा-पंधरा महिनं. तवर काय होईल? लावू, का सोयाबीन-भाजी करून गप बसू, का पोरगं म्हणतंय तसं एकर देऊन मोकळा हू?”

मी वर्गात तास-तास बोलतो. त्या रात्री माझी दातखीळ बसली. निर्यात उघडेल का, युद्ध थांबेल का, तात्यांचा राग उतरेल का, ब्राझीलमध्ये पाऊस कसा होईल? यांतले मला एकही ठाऊक नव्हते. आणि ज्यांना ठाऊक असते असे आपण समजतो त्यांनाही ते नसते, हे मी कात्रणे चाळून एव्हाना शिकलो होतो. उसाला तयार व्हायला पंधरा महिने लागतात आणि हुकूम एका रात्रीत निघतो. शेतकऱ्याचे घड्याळ आणि दुनियेचे घड्याळ यांचा मेळ बसत नाही, हीच यातली मुख्य अडचण. पूर्वी दूरच्या लढाईचा परिणाम बावड्यात पोचायला वर्ष-दोन वर्षे लागत. आता तो दादाच्या मोबाइलवर तिसऱ्या मिनिटाला येतो. पण लवकर कळले म्हणून लावलेला ऊस उपटून टाकता येत नाही.

“दादा, मला नाही सांगता येत,” मी म्हणालो.

मला वाटले, तो निराश होईल. तो हसला. “म्हायत हाय. पण शिकलेल्या माणसाला एकदा इचारलं म्हंजे बरं असतं.”

खाटेवरून मामांचा आवाज आला. ते जागेच होते. “बेणं आणलंय का?”

“आणलंय आबा. गोठ्याम्होरं झाकून ठिवलंय.”

“मग इचारतोस कुणाला?” मामा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

म्हणजे बेणे प्रश्नाच्या आधीच आले होते. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पहाटे मी उठलो तेव्हा बाप-लेक दोघेही रानात गेले होते. फाउंड्रीला सुट्टी होती. मी गेलो तेव्हा सरीत पाणी सोडलेले आणि दोघे गुडघाभर चिखलात. दादा टिपरी टाकत होता आणि मुलगा ती पायाने दाबत होता. 86032 जातीचे बेणे. रस्त्याकडेच्या एकरात मात्र लावण केली नाही. तेथे भाजी करावयाचे ठरले, म्हणजे मागणाऱ्याला ‘नाही’ही नाही आणि ‘होय’ही नाही. मी पायजमा वर खोचून दोन सऱ्या दाबल्या. तिसऱ्या सरीला कंबर बोलू लागली, तेव्हा दादाने मला बांधावर बसवले आणि हातात चहा दिला. चहा नेहमीप्रमाणे पाक होता. बावड्यात साखर मोजून घालणे हा पाहुण्याचा अपमान समजतात.

नोव्हेंबरात वर्तमानपत्रात बातमी आली, की 2025-26 च्या हंगामात 15 लाख टन साखर बाहेर पाठवण्यास सरकारने परवानगी दिली. मी मोठ्या उत्साहाने दादाला फोन लावला. जगाच्या बाजाराचे दार किंचित किलकिले झाले होते आणि ती वार्ता त्याला पहिल्यांदा मी देत होतो, असा माझा समज. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“बरं झालं,” तो म्हणाला. “उगवण बी झ्याक हाय. जरा ठेव आता, लाईट रातची हाय, पाणी पाजायला निघालोय.”

फोनमधून आधी कुत्रे भुंकल्याचा आणि मग मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.